बिनरंगाची फ्रेम

२ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. फोन तू उचलत नाहीस. पत्राचं एक बरं असतं, फेकायच्या आधी हातात तरी घ्यावं लागतं. आता घेतलंच आहेस तर वाच. भांडायला लिहिलेलं नाही, सायकलबद्दल विचारायचंय.

डॉक्टरीणबाईंनी माझं रंगकाम बंद केलं. म्हणाल्या, पंचवीस वर्षं तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारा मारलात, मग छाती वाजणार नाही तर काय होणार? घरात कोंडून घेऊ नका, मोकळ्या हवेत फिरा, पण दम लागेल असं काही करायचं नाही. म्हणजे थोडक्यात, मी निवांत सायकल चालवायची. मी! निवांत! हसलास ना? मलाही हसू आलं होतं, पण नंतर खोकला आला.

माझ्याकडे ती जुनी हिरवीच आहे. गिऱ्हाइकाने परत केलेली, मला दोन बोटं लांब होणारी. अर्ध्या तासात मान आखडते. तू चारशेच्या वर फ्रेम बनवल्यास आणि तुझ्या सख्ख्या बहिणीला मिळाली ती परत आलेली. असो. चिडून लिहीत नाहीये.

मी टायटॅनियमची घ्यायचं ठरवलंय. गंजत नाही, हलकी असते, खड्ड्यात हाडं खिळखिळी करत नाही आणि मुख्य म्हणजे तिला रंग लागत नाही. तशीच उघडी, राखाडी. माझ्यासारख्या रंगारणीने बिनरंगाची फ्रेम घ्यायची म्हणजे गंमतच. पण दुकानात गेले तर डोकं भणभणलं. एक शर्यतीची, एक लांब पल्ल्याची, एक मापाने बनवून देणारी. दुकानदार कडक उन्हातसुद्धा जॅकेट घालून बसतो आणि दर वाक्याला ‘ताई, आयुष्यात एकदाच घ्यायची असते’ म्हणतो. मी त्याचं नाव जॅकेटवाला ठेवलंय.

तुला ठाऊक आहे तेवढं इथे कोणालाच ठाऊक नाही. सात वर्षं तू वेल्डिंगची टॉर्च हातात धरली नाहीस, तिकडे गोदामात पावत्या फाडत बसलायस, हेही मला कळलंय. तुझ्याच कच्च्या जोडामुळे फ्रेम मोडली आणि वहिनीचा कोपर गेला असं धरून बसलायस. आणि जायच्या आधी मी तुला जे बोलले त्यामुळे माझ्याशी बोलत नाहीस. तो विषय आज नको. मला फक्त सांग, कुठली घेऊ?

तुझी,
भिंगरी


१९ फेब्रुवारी

दादा,

आलं तुझं कार्ड! पोस्टमन जिन्याखालीच होता, मी त्याच्या हातातून ओढूनच घेतलं. बिचारा दचकला. दोनच ओळी, ‘पायाची आतली उंची आणि हाताची लांबी मोजून पाठव. दुकानदाराचं ऐकू नको.’ खाली सहीसुद्धा नाही. चालेल मला. दोन ओळी तर दोन ओळी.

मापं घेताना काय तमाशा झाला ते ऐक. भिंतीला पाठ लावून, दोन पायांच्या मध्ये जाड पुस्तक धरून उभी राहिले, तर खूण करायला पेन्सिलच हाताशी नाही. पेन्सिल आणायला गेले तर पुस्तक पडलं. तीनदा असं झालं. शेवटी पेन्सिल दातात धरून जमवलं. आतली उंची चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. हात खांद्यापासून मुठीपर्यंत त्रेपन्न. वाकून बघितलं, बोटं जमिनीला लागतात का ते. छे, नडगीवरच थांबतात. पूर्वी तळवे टेकायचे माझे. हेही लिहून ठेव, फ्रेम निवडताना उपयोगी पडेल.

हे सगळं मी आपल्या कारखान्यात केलं. तुझं टेबल तसंच आहे, मी हलवलेलं नाही. पकडीवर धूळ बसते, ती पुसते, बाहेर येते, परत आत जाते. आज सकाळपासून पाच फेऱ्या झाल्या. एका जागी बसवत नाही मला हल्ली. हे पत्रसुद्धा उभ्यानेच लिहितेय, म्हणून अक्षर असं.

वहिनी कशी आहे? कळवावंसं वाटलं तर कळव.

भिंगरी


५ मार्च

दादा,

तुझ्या आठ ओळी जॅकेटवाल्यासमोर धरून मी उभी राहिले आणि तो ‘आयुष्यात एकदाच’ म्हणायचंच विसरला.

तू म्हणालास तसंच सांगितलं. शर्यतीची नको, वाकवत नाही. हँडलखालची उभी नळी उंच हवी, म्हणजे ताठ बसता येईल. जाड टायर बसेल एवढी जागा हवी, खडी लागली तरी उतरायला नको. पेडलचा आस आट्यांवर फिरवून बसवलेला हवा, नुसता ठोकून बसवलेला पुढे करकरतो. आणि जोड बाहेरून आणि आतून बघायचे. जोड चांदीसारखा किंवा फार तर वाळल्या गवतासारखा पिवळा चालेल. निळा-जांभळा दिसला की समजायचं, वेल्डिंग करताना हवा लागली, तो जोड कधी ना कधी दगा देणार. हे मी घडाघडा म्हणून दाखवलं. तो म्हणाला, ‘ताई, तुम्ही यातल्याच का?’ मी म्हटलं, ‘माझा भाऊ आहे यातला.’ आहे म्हटलं. होता नाही म्हटलं.

दोन फ्रेम चालवून बघितल्या. पहिली तू सांगितलेल्या मापात बसणारी, पण कोपऱ्यावर वळताना माझ्या बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासलं. दुसरी छान. मागच्या गल्लीत दगडी फरशी आहे, तिच्यावरून नेली तर हातांना मुंग्या आल्या नाहीत. तीन चकरा मारल्या. दम लागला नाही, खोकलाही नाही. खरं सांगते, सायकल परत द्यावीशीच वाटेना.

मग त्या शहाण्याने आतून तिसरी काढली. ‘खास तुमच्यासाठी. जोड दिसतच नाहीत बघा, घासून अगदी आरशासारखे केलेत.’ मी हात फिरवला आणि हात काढून घेतला. काय झालं मला, मी त्याला वाट्टेल ते बोलले. जोडाला कानस लावायची नसते हे कळत नाही का, लाज नाही वाटत का, असं काहीबाही. दुकानातली दोन माणसं बघत राहिली. चालवायला दिलेल्या सायकलीचं हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून मी घरी आले. उद्या परत करायला जायचंय.

दुसरीच घेते बहुतेक. नक्की सांग.

भिंगरी


१३ मार्च

दादा,

‘एवढी का चिडलीस? चांगल्या हाताने घासलेला जोड चालतो, टायटॅनियमला तर सहज चालतो.’ असं लिहिलंयस तू.

मला नको आहे घासलेला. का ते विचारू नकोस. हेल्मेट परत केलं, माफी मागितली, दुसरी फ्रेम मागवली. सहा आठवडे लागतील. झालं.

भिंगरी


२७ मार्च

दादा,

तुझं चार पानी पत्र आलं. सात वर्षांत पहिलं खरं पत्र. मी ते खिडकीत वाचलं, मग स्वयंपाकघरात वाचलं, मग चपला घालून बाहेर पडले आणि रस्त्यात परत वाचलं. आता घरी येऊन लिहितेय आणि या खेपेला बसून लिहितेय, कारण उभी राहिले तर पळून जाईन.

तू लिहिलंयस की माझ्यावर राग नाही. ‘तू बोललीस ते खरंच होतं, पुढच्या खेपेला कोणाचा जीव गेला असता.’ तू लिहिलंयस की आपल्या दोघांत माझाच डोळा पक्का, माझ्या हातून कधी काही निसटलं नाही, त्या एका फ्रेमला तुझाच हात चुकला. आणि शेवटच्या पानावर लिहिलंयस, ‘हातावर भरवसा उरला असता तर टायटॅनियमचं वेल्डिंग शिकलो असतो आणि तुझी फ्रेम मीच बनवली असती. तुला एकही बनवून दिली नाही हे मनाला लागून राहिलंय.’

दादा, तुझा हात चुकला नव्हता.

आता सरळ सांगते. मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही.

वहिनीच्या चाळिसाव्या वाढदिवसाची फ्रेम. अकरा दिवस तू दुसरं काही हातात घेतलं नाहीस. टेप घेऊन तिचा हात मोजत होतास, ती हसत होती, तू परत मोजत होतास. मी दारात रंग ढवळत उभी होते. मला माझी ती हिरवी दिसत होती. माझं माप तू एकदासुद्धा घेतलं नव्हतंस. मी जळले, दादा. अक्षरशः जळले. आणि मनात आलं, लोकांनी बघितलं पाहिजे ते माझं काम. तुझे जोड नाही, माझा रंग. मोरपंखी, एकसंध, काचेसारखा.

तू पेडल आणायला गेला होतास. मी अर्धगोल कानस घेतली. तुझा एकच नियम होता, आपल्या पातळ नळ्यांच्या जोडाला कानस लावायची नाही. हँडलखाली तिरकी नळी जिथे येते, तो जोड मी घासला. तुझा जोड सुरेख होता, एकसारखा, कुठे फुगवटा नाही. मी तो सपाट केला. तरी समाधान होईना, अजून दोन हात मारले. कानस घसरली आणि नळीत रुतली. जोडाच्या खाली, बाजूलाच, नखाला लागेल एवढी चीर पडली. तुझ्या त्या पातळ नळीला एवढंही फार असतं हे मला माहीत होतं. माझ्याएवढं कोणाला माहीत असणार?

तुला हाक मारायला हवी होती. तू फार तर आठवडाभर बोलला नसतास. मी चिरेत लांबीची पुट्टी भरली, घासली, चार हात रंग दिला. तू आलास, बोट फिरवलंस, म्हणालास, ‘जोड कुठे गेला गं?’ मी म्हटलं, ‘लांबी भरून सपाट केलाय, कानस नाही लावली.’ तू मान हलवलीस. माझ्या शब्दावर तू एवढा विश्वास टाकायचास.

पाच महिने ती फ्रेम टिकली. मग शाळेच्या भिंतीजवळच्या उतारावर वहिनी पडली. तू दवाखान्यात होतास. मोडलेली फ्रेम उचलून मी कारखान्यात आणली. नळी बरोबर माझ्या चिरेवर फाटली होती, काठाला माझी लांबी चिकटलेली दिसत होती. तुझा जोड जागच्या जागी होता. अख्खा. ती फ्रेम मी हातगाडीवर घालून भंगारवाल्याकडे नेली आणि यंत्रात दाबून होईपर्यंत तिथून हलले नाही. तू विचारलंस, कशी मोडली? मी म्हटलं, जोडाजवळ नळी जळलेली दिसली, जास्त तापली असणार. तू स्वतःच्या हातांकडे बघत बसलास.

इथवर आलेय तर राहिलेलंही सांगते. महिन्याभराने तू कारखान्यात आलास, टॉर्च काढलीस. म्हणालास, चार जोड मारून बघतो, कापून बघतो, काय चुकतंय ते कळेल. कळलंच असतं. काही चुकत नव्हतं हेच कळलं असतं. म्हणून मी तुझ्या तोंडावर बोलले, ‘अजून कोणाचा जीव घ्यायचाय का?’ तू टॉर्च खाली ठेवलीस. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे सगळ्यात वाईट आहे आणि तेच खरं आहे.

तुम्ही सामान बांधून गेलात तेव्हा मी दाराआड उभी होते. तू हाक मारलीस, मी ओ दिली नाही.

वहिनीला हे पत्र दे. तिच्यापासून काही लपवू नकोस. माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागते. तिची आधी, मग तुझी. तू रागाव, नातं तोड, काहीही कर. पण जोड तुझा चांगला होता, दादा. हे मी आता कोणासमोरही सांगेन.

भिंगरी


२ मे

दादा,

पाच आठवडे झाले. पत्र पोचलं का, एवढं तरी? रोज पोस्टमनची वाट बघते. तो आता मला बघून लांबूनच मान हलवतो.

फ्रेम आली. जॅकेटवाल्याने फोन केला तेव्हा जावंसंच वाटेना. तरी गेले. सगळे जोड भिंग घेऊन बघितले, आतसुद्धा दिवा घालून. कुणा अनोळखी माणसाने फार मन लावून केलंय काम. चाकं, हँडल बसवून दिलं त्याने आणि टाळी वाजवली. मी आभार मानायचे विसरले.

चालवते रोज. मान दुखत नाही, दम लागत नाही. तुझा शब्दन् शब्द बरोबर होता. फक्त उतार आला की मी खाली उतरते आणि चालत जाते. लोक विचारतात, पंक्चर झाली का? मी हो म्हणते.

काहीतरी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल. हे गप्प बसणं सोसवत नाही मला.

भिंगरी


१६ मे

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. पाकिटावर तुमचं अक्षर ओळखायला वेळ लागला. डाव्या हाताने लिहिलंयत हे आत वाचल्यावर कळलं.

तुम्ही लिहिलंयत, ‘माझा कोपर सरळ होत नाही, केस दुसऱ्याकडून विंचरून घ्यावे लागतात. सात वर्षांत तुम्ही एकदा तरी येऊन बघितलंत का? मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करेन की नाही, ते माझं मला अजून ठरवायचंय.’ बरोबर आहे तुमचं. मी यावर एक शब्द बोलणार नाही.

तुम्ही लिहिलंयत की माझं पत्र वाचून दादा दोन दिवस जेवला नाही. म्हणाला, चूक मी पोटात घातली असती, पण ती टॉर्च तिने माझ्या हातातून काढून घेतली. आता तिचं पत्र या घरात नको. मला ऐकू आलं ते, त्याच्याच आवाजात.

आणि मग तुम्ही जे लिहिलंयत ते मी किती वेळा वाचलं, सांगता येणार नाही. त्याने कोणाकडून तरी टॉर्च मागून आणली. मागच्या अंगणात नळीचे तुकडे घेऊन बसला. पहिले दोन जोड बिघडले. तिसरा मारला, थंड होऊ दिला, मधोमध कापला. आतपर्यंत अख्खा. तो तुकडा तुमच्या हातात ठेवला आणि लहान मुलासारखा रडला. तुम्हीही रडलात. दुसऱ्या दिवशी गोदामात गेलाच नाही, अंगणात बसला.

वहिनी, मी इकडे एकटी हसत होते, रडत होते, घरभर फिरत होते. शेजारीण बघायला आली, काय झालं म्हणून. मी म्हटलं, माझ्या भावाने काम सुरू केलं.

तुम्ही सांगितलंत तसं, यापुढे लिहिणार नाही. दादाला तर नाहीच, तुम्हालाही नाही. हे पत्र वाचून फाडून टाका, त्याच्या हाती लागू देऊ नका. उगीच त्याचा हात बिघडायचा.

एकच सांगते, मग गप्प बसते. तो आता फ्रेम बनवेल. आज नाही तर चार महिन्यांनी, पण बनवेल, मला माहितीये तो. आणि पहिली तुमच्याच मापाची बनवेल, तुम्ही नको म्हणालात तरी. बनवू द्या. तुमच्या हाताला जमेल असं हँडल तो शोधून काढेल.

रंग मात्र दुसऱ्या कोणाकडून लावून घ्या.